परतीची धून

७ ऑगस्ट

चिमे,

पत्राच्या सुरुवातीला 'डॉक्टरसाहेबांस' असं लिहिलं होतं. तुझी वहिनी खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, "पुरे झाला तोरा, चिमीला चिमीच म्हणा." म्हणून तो कागद चुरगळून हा दुसरा घेतला. फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला तर वाचल्याची खूण येते आणि पुढे सगळं सामसूम. पत्राचं बरं असतं, फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

तर काल पेपरात तुझा फोटो आला. मी आपला खूश. बँडरूममध्ये सगळ्यांना दाखवत फिरलो, "ही बघा आमची चिमी, लष्करी रुग्णालयात हाडांची मोठी डॉक्टर!" आमचा मोठा ढोलवाला, जाड्या म्हणतात त्याला सगळे, त्याने बातमी मोठ्याने वाचायला घेतली आणि दुसऱ्याच ओळीला त्याचा आवाज बसला. लष्करी बँडवर सरकारने यापुढे खर्च करावा की नाही, हे ठरवायला समिती बसलीय. तिच्यापुढे तू रुग्णालयातर्फे गेलीस आणि सांगून आलीस, की बँड बंद करा आणि तो पैसा जखमी सैनिकांच्या कृत्रिम पायांना द्या. पोरं पेपरात डोकी घालून ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती. शेवटी जाड्याच म्हणाला, "मास्तर, फोटो मात्र झकास आलाय हं."

हसावं की रडावं, सांग बाई. मी या बँडचा मास्तर. आपले बाबा याच बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचे. समितीने तुझं ऐकलं तर वर्षअखेरीला आमच्या दाराला कुलूप. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची तरी कुणाकडे?

आणि आम्ही काय नुसते मिरवायला आहोत? गेलेल्या माणसाला पोचवायला कोण जातं? ढोलावर काळं कापड घालून, सावकाश पावलं टाकत, संथ धून वाजवत जातो आम्ही. येताना कापड काढतो आणि परतीची धून वाजवतो, भरभर, मान वर करून. जगात कुठलाही लष्करी बँड घे, जाताना संथ आणि येताना जलद. हे मी तुला का समजावतोय? छावणीत वाढलेली पोर तू.

तरी तू म्हटलंस ते सगळं मी गिळलं असतं. एक वाक्य मात्र गिळवत नाही. "घरच्यांना बँडमुळे धीर येतो, असं म्हणतात. तसं होत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते." तुझा कसला अनुभव गं? बाबा गेले तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. तुला तर स्मशानात नेलंही नव्हतं.

चिडलोय. पण जेवणखाण वेळेवर करत जा. फोटोत गालफडं बसलेली दिसतायत.

दादा

२४ ऑगस्ट

चिमे,

मी एवढा मोठा कागद भरून पाठवला आणि तुझं उत्तर काय, तर एक ओळ. "आधी माझा वॉर्ड बघ, मग भांड." अगदी आईवर गेली आहेस. तीही चार शब्दांत माणसाला उभं-आडवं करायची.

आलो, बघितला. तू सोबतच होतीस तरी लिहितोय, कारण तुझ्यासमोर मला धड बोलता आलं नाही.

त्या लांब खोलीत दोन्ही बाजूंना दांड्या आणि मधून ती माणसं चालायला शिकतायत. पायांच्या कारखान्यात खुंट्यांना टांगलेले पाय, कुणाला घोटा आहे, कुणाला नाही, आणि सगळीकडे प्लॅस्टरची पांढरी धूळ. तिथल्या कारागिराला मी विचारलं, "हे तयार झालेले का?" तर म्हणाला, "तयार कुठले, सामान संपलं म्हणून थांबलेत." एका दाढीवाल्या नाईकाला तू म्हणालीस, "हा माझा दादा, बँडमास्तर." मला वाटलं, आता हा गहिवरणार. तो म्हणाला, "तुम्हीच का ते! अहो, भरती झाल्यापासून रोज पहाटे तुम्ही माझी झोप मोडलीत. पाय गेला तेव्हा म्हटलं, चला, निदान बँड तरी सुटला." सगळा वॉर्ड हसला. तू तर डोळे पुसेपर्यंत हसलीस. तुझं हसणं ऐकून किती दिवस झाले होते, चिमे.

मग लिफ्ट बंद. जिन्यावरून स्ट्रेचर वर न्यायचं होतं आणि एक माणूस कमी पडत होता, तेव्हा मी कोपऱ्याला हात घातला. तू म्हणालीस, "दादा, कंबर सांभाळ." अगं, लढाईत बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवायची आणि जखमींना उचलायचं, हेच शिकवलेलं असतं आम्हाला. ते तुझ्या समितीला कुणी सांगितलं नसेल. जाऊ दे.

तुझं म्हणणं खोटं नाही. हे लिहिताना हात जड झालाय, पण खोटं नाही. मला राग आहे तो वेगळ्याचा. दोन भुकेल्या माणसांना एकाच ताटावर बसवायचं आणि वाढणाऱ्याने बाजूला उभं राहून म्हणायचं, आता तुमचं तुम्ही ठरवा. त्यातली एक तू निघालीस आणि एक मी.

कँटीनमध्ये आपण वहिनीचे गुडघे, तुझ्या घराची गळती, चहाचा रंग, सगळ्यावर बोललो. ते वाक्य तेवढं सोडून. मी विचारायला तोंड उघडलं की तू साखर ढवळायचीस. साखर तू घेत नाहीस, ते मला माहीत आहे.

आणखी एक. मी आलो तेव्हा तू बेसिनशी पाठमोरी हात धूत होतीस आणि शीळ घालत होतीस. पुढच्या दोन दातांतल्या फटीतून, बाबांनी शिकवलेली. मला बघितलंस आणि थांबलीस. का थांबलीस?

दादा

ता. क. वहिनी म्हणते, गुडघ्यांचं पत्रात कशाला लिहिलंत, सगळ्या जगाला कळेल. जगाला म्हणजे तुला.

१३ सप्टेंबर

चिमे,

आज तुला एक गोष्ट सांगायची आहे. भांडायला म्हणून नाही. कुणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरत नाहीये, आणि वहिनीला सांगून झालं.

वरून हुकूम आला होता, की प्रयोग म्हणून पुढच्या अंत्ययात्रेला बँड नको, गाडीवर स्पीकर लावा. आमच्याच बँडच्या जुन्या तबकडीवरून दोन्ही धुना उतरवून घेतल्या होत्या, आधी जाण्याची, तिच्यामागे परतीची. यंत्र सांभाळणारा कारकून सरळ माणूस आहे. वाट किती वेळाची आहे ते बघायला तो आदल्या दिवशी स्वतः जाऊन आला, आणि त्या हिशोबाने त्याने संथ धून पुन्हा पुन्हा जोडून लांबवली. फक्त तो मोटारसायकलवरून जाऊन आला होता.

गेले होते ते एक म्हातारे सुभेदार. गाडीमागे त्यांची बायको, लेक, शेजारीपाजारी. आम्ही बँडवालेही साध्या कपड्यांत, रिकाम्या हातांनी मागे चालत होतो. निम्म्या वाटेवर, उतारापाशी, संथ धून संपली. यंत्र बिचारं थोडंच थांबतंय? लागली परतीची धून! ढोल काय, ट्रम्पेट काय, नुसता जल्लोष. आणि पुढे गाडीवर माणूस अजून तसाच.

सुभेदारांची बायको जागच्या जागी थांबली. तिने मागे वळून आमच्याकडे बघितलं. रागाने नाही गं. तिला काही उमगेचना, की झालं काय, आपण त्यांना सोडून निघालो की काय. मी धावलो आणि स्पीकरची वायर उपटली. कारकून पांढराफटक पडला होता. मग जाड्या पुढे गेला आणि गाडीच्या मागच्या फळीवर त्याने मुठीने ठोका धरला. एक ठोका, मग थांबायचं, मग दुसरा. आम्ही त्यावर पावलं टाकली. बाईही चालायला लागली.

तिथलं सगळं आटोपलं. आणि मग जे झालं ते मी पहिल्यांदा बघितलं. लोक निघेनातच. परतीची धून लावायची हिंमत कारकुनाला होईना, आणि कुणाला कळेना की आता वळायचं कधी. बाई एका दगडावर बसून राहिली, बाकीचे आपले बुटांची टोकं बघत उभे. परतीची धून असते ती एवढ्यासाठी, चिमे. कुणीतरी म्हणावं लागतं, चला आता, घरी मुलं वाट बघत असतील.

वहिनी म्हणते, हे समितीला कळवा, उद्याच्या उद्या डोळे उघडतील त्यांचे. मी नाही कळवणार. मग पेपरवाले त्या बाईच्या दारात जाऊन विचारत बसतील, की तुम्हाला कसं वाटलं. आमचा बँड वाचवायला तिला पुन्हा त्या उतारावर उभी करू? माझ्याने नाही होणार.

तुला मात्र सांगितलं. मन हलकं झालं.

दादा

२ ऑक्टोबर

माझ्या चिमे,

तुझं पत्र आलं. वाचलं, ठेवलं, पुन्हा काढून वाचलं. वहिनीला वाचून दाखवायला गेलो तर मधेच माझा आवाज गेला. तिने माझ्या हातातून घेऊन पुढचं वाचलं आणि तिचाही गेला.

एवढी वर्षं तू हे एकटीने पोटात ठेवलंस?

मला वाटायचं, शिकली, मोठी झाली, आता हिला ढोल-पिपाण्यांची लाज वाटते. माझ्या एकाही कार्यक्रमाला आली नाहीस, माझ्या मास्तर होण्याच्या परेडलासुद्धा. नातेवाईक विचारायचे, तेव्हा मी म्हणायचो, तिला ड्यूटी असते. आणि तू लिहितेस, "दादा, त्या दिवशी शेजारच्या काकू म्हणाल्या, सगळे बाबांना घेऊन गेलेत, येतीलच आता. मी फाटकावर बसून राहिले."

आणि वळणावरून परतीची धून आली. रोज परेडवरून परत येताना बँड तीच वाजवायचा. छावणीतल्या पोरांना त्या धुनेचा अर्थ एकच, बाबा आले! बाबा पायरीवर बसायचे, बूट ओढून काढायचे आणि ओरडायचे, "चपला कुठायत माझ्या?" मग तू चपला घेऊन यायचीस आणि डावी उजव्या पायाशी, उजवी डाव्या पायाशी ठेवायचीस. नेहमी उलट्या. तेही तशाच घालायचे आणि बदकासारखे फताक फताक करत घरभर फिरायचे. आई म्हणायची, "तीही वेडी आणि तुम्हीही."

तू चपला घेऊन धावलीस. ढोल पुढून येताना दिसला. एवढा मोठा ढोल, मागचा माणूस दिसतो कुठे? तू ढोलाच्या कडेकडेने धावत राहिलीस, "बाबा, बाबा" करत. आणि ढोल वळला, तर मागे दुसराच कुणी.

तो जाड्या होता, चिमे. बाबांचा ढोल त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या गळ्यात पडला होता. काल मी त्याला विचारलं, "तुला काही आठवतं का रे?" त्याने ढोलाच्या दोऱ्या आवळायला घेतल्या. मग म्हणाला, "मास्तर, त्या पोरीचं तोंड मी अजून विसरलो नाही. तुम्हाला सांगून काय करायचं होतं?" एवढा धिप्पाड गडी, लहान मुलासारखा रडला.

मीही त्याच रांगेत होतो. अठरा वर्षांचा, तोंडात क्लॅरिनेट. तेव्हाचे मास्तर निघताना म्हणाले होते, "रडायचं तर रड, पण तोंड वाद्यावरून काढायचं नाही." डोळ्यांसमोर सगळं धूसर होतं. तू दिसलीच नाहीस मला. संध्याकाळी रस्त्यात बाबांच्या चपला पडलेल्या सापडल्या, त्या उचलून घरी आणल्या. त्या तिथे कशा गेल्या, हे कोडं मला आजवर सुटलं नव्हतं.

ती धून तुला फसवायला नव्हती गं बाळा. ती आईसाठी होती, माझ्यासाठी होती, आम्हाला तुझ्यापर्यंत परत आणायला होती. पण फाटकावर बसलेल्या पोरीचा विचार कुणी केला नाही, हे तुझं म्हणणं खरं आहे. ते वाक्य समितीपुढून मागे घे, असं मी म्हणणार नाही. मला फक्त तुला जवळ घ्यावंसं वाटतंय आणि तू बसलीयस पार तिकडे.

तुझा दादा

२० नोव्हेंबर

चिमे,

निकाल लागला. तुलाही कळलं असेलच. राजधानीतला एक बँड राहणार, बाकी सगळे बंद. आमची पोरं कुणी भांडारात, कुणी कचेरीत, कुणी भटारखान्यात. जाड्याला भटारखाना मिळाला. म्हणतो, "ढोल गेला, पातेलं आलं, मास्तर. ठोकायला काहीतरी आहे." मला पुढच्या वर्षी निवृत्तीच आहे. मी आपला घरी बसून वहिनीचं डोकं खाईन.

तू समितीला पुन्हा लिहिलंस, ते साहेबांनी मला दाखवलं. "बँडवरचा खर्च थांबवावा, हे माझं मत कायम आहे. पण अंत्ययात्रेला यंत्र लावू नये. त्यापेक्षा माणसांनी मुकाट चालावं." सुभेदारांच्या घरच्यांचा उल्लेख कुठेही नाही. वाचून मला हसूच आलं. दादासाठी जीव तुटतो, पण मत तसूभर हलत नाही. शोभतेस खरी आपल्या घराण्यात.

रागावलोय का, असं विचारलंस. बँड गेल्याचं दुःख आहे, आणि ते काही चार दिवसांत जाणार नाही. सकाळी उठून मी काय करणार, ते मला अजून ठाऊक नाही. पण तुझ्यावर राग नाही. तुझ्या वॉर्डातले ते टांगलेले पाय मी बघितलेत. लिफ्ट दुरुस्त झाली का, ते कळव.

१ तारखेला सकाळी वाद्यं जमा करायची आहेत. परेडच्या मैदानावरून भांडारापर्यंत शेवटचं वाजवत जाणार आहोत. ये, असं मी म्हणत नाही. वहिनी म्हणतेय, तिच्या गुडघ्यांसाठी ये.

दादा

३ डिसेंबर

चिमे,

तुझी गाडी अजून पोचलीही नसेल आणि मी लिहायला बसलोय. दोन दिवस एका घरात होतो तरी हे बोललो नाही. आपल्या घरात महत्त्वाचं बोलायची पद्धतच नाही.

तू येशील असं वाटलं नव्हतं. मैदानाच्या कडेला वहिनीच्या शेजारी उभी दिसलीस आणि पहिला सूर माझा घसरला. मास्तराचा! पोरं एकमेकांकडे बघून हसली.

जाताना आम्ही संथ धून घेतली. ढोलावर काळं कापड जाड्यानेच घातलं, मी सांगितलं नव्हतं. भांडाराच्या खिडकीपाशी एकेकाने वाद्य पुढे केलं. आतला माणूस बिचारा प्रत्येकाला "बरं, बरं" म्हणत होता, दुसरं काय म्हणणार? माझी क्लॅरिनेट गेली. शेवटी ढोल. तो खिडकीतून जाईना, म्हणून दार उघडावं लागलं.

आणि मग आम्ही वळलो, रांगेत उभे राहिलो, आणि लक्षात आलं की परत जायला काहीच नाही. परतीची धून वाजवायची कशावर? कुणाच्याच हे डोक्यात आलं नव्हतं. सगळी वाट आखली होती, ती जाण्याची. हात कुठे ठेवावेत ते कळेना. मी 'चला' म्हणायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. त्या दिवशी सुभेदारांची बायको दगडावर बसून राहिली होती, तसे आम्ही उभे.

तेव्हा मागून शीळ आली.

मी वळून बघितलं नाही. रांगेत वळायचं नसतं. पण दातांतली ती फट मला माहीत आहे. पहिल्या दोन ओळी थरथरत आल्या, तिसऱ्या ओळीला जरा सरळ झाली. परतीची धून. तू, चिमे, जिने तिच्यापायी आयुष्यभर कान झाकून घेतले. जाड्याचा डावा पाय उचलला गेला, मग सगळ्यांचे. वरची पट्टी तुला झेपत नव्हती, तिथे तू नुसती हवा सोडत होतीस, तरी आमचं पाऊल चुकलं नाही. जाड्या मांडीवर थाप देत चालला होता. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंडाने तो म्हणत होता, "वा पोरी, वा पोरी." सगळी छावणी दारात येऊन उभी होती.

क्वार्टर्सच्या फाटकाशी आलो आणि शीळ थांबली. मी पायरीवर बसलो. बूट निघेनात, बोटंच चालत नव्हती. वहिनी पाणी आणायला आत गेली. तू माझ्याशेजारून आत गेलीस. मला वाटलं, तोंड धुवायला गेली असशील.

तू चपला घेऊन आलीस. खाली वाकून माझ्या पायांशी ठेवल्यास, डावी उजव्या पायाशी आणि उजवी डाव्या पायाशी.

मी तशाच घातल्या.

तुझा दादा